शेवटच्या रिळातला हात

दादाची नोकरी माझ्या एका पत्रामुळे गेली. पत्र कसलं, तर एका पडेल सिनेमावरून मासिकात चाललेल्या वादातलं. लोकांच्या घरात बांधावरून, सोयरिकीवरून वितुष्ट येतं. आमच्या घरात ते बोटभर रुंदीच्या फिल्मवरून आलं. त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहून कुणाला ओळखूही येणार नाही म्हणा. अमरावतीला तो चार दिवस चालला, अकोल्याला तीन. नातवाने मध्यंतरी त्याच्या मोबाइलवर पुष्कळ शोधाशोध केली आणि म्हणाला, "आजी, असा सिनेमा नाहीच आहे." मी म्हटलं, नसू दे.

आमचं अमरावतीतलं घर तीन खणांचं, रस्त्याला लागून. बाबा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी एक रिवाज घातला होता: दिवेलागणीला सगळ्यांनी हातपाय धुऊन ओळीनं बसायचं आणि त्रिशरण-पंचशील म्हणायचं. त्यात त्यांचा जोर चौथ्या शीलावर, खोटं न बोलण्यावर. "चोरी अन् दारू तं पोलिस बी सोडवते," ते म्हणायचे, "खोटं सोडवाले माणूस सोताच लागते." माय तिकडे चुलीवर भाकरी थापता थापता ओठ हलवायची; तिच्या थापण्याचा आवाज आणि आमचं पाली एका लयीत चालायचं. मी कॉलेजात होते, घरातली पहिलीच. त्याचा मला भयंकर माज होता. घरात मी सगळ्यांसारखीच बोलायची, पण कागदावर लिहायला बसले की थेट पुण्याची व्हायची. आमचं बोलणं ऐकून हसणाऱ्या लोकांसारखं आपल्याला लिहिता येतं, यात मला केवढा मोठेपणा वाटायचा. आज ती पानं सापडली तर मी बंबात घालीन.

दादा सरकारी प्रचारगाडीवर ऑपरेटर होता. देवीची लस, सुधारित बियाणं, विहिरीत टाकायची पावडर, असले बोधपट घेऊन ती जीप गावोगाव फिरायची. मेळघाटात, धारणीच्याही पलीकडे, जिथे रस्ता संपून नुसते दगड लागायचे. बोधपट बघायला कोण येणार? म्हणून आधी एखादा गोष्टीचा सिनेमा लावायचे. चांगल्या चाललेल्या सिनेमाची, गाडीवरच्या मशीनला लागणारी बोटभर रुंदीची प्रत सरकारच्या वाट्याला कशाला येते? शहरात आपटलेलेच गाडीवर यायचे. दादाची जागा तात्पुरती होती, पण त्या वर्षी तो कायम होणार असं साहेबांनी स्वतः सांगितलं होतं. बाळापूरच्या एका घराशी त्याच्या लग्नाचं बोलणं झालं होतं आणि तेही त्या कायम होण्यावरच थांबलेलं होतं. आमच्या सात पिढ्यांत सरकारी शिक्क्याचा कागद घेऊन घरी येणारे बाबांनंतर दादाच. माय त्याचा खाकी सदरा निवळलेल्या पाण्यात धुवायची, बाकीच्यांचे कपडे विहिरीच्या गढूळ पाण्यात.

शनिवारी दौरा आटोपून गाडी परत यायची तेव्हा कचेरीचं स्टोअर बंद झालेलं असायचं. मग मशीन आणि रिळांचे डबे सोमवारपर्यंत आमच्या घरी. ते चालत आलेलं होतं, साहेबांनाही ठाऊक होतं. पण मशीन घरी ठेवणं वेगळं आणि घरी चालवणं वेगळं. रविवारी दुपारी माय दोन्ही खिडक्यांना घोंगड्या बांधायची, बाबांचं धोतर भिंतीवर ताणलं जायचं, आणि दादा मशीन लावायचा. बाबा तेवढ्या वेळात मुद्दाम कुणाकडे तरी जाऊन बसत. त्यांना माहीत होतं की नाही हे मी कधी विचारलं नाही. मशीनचा तो खर्रर्र आवाज, तापलेल्या दिव्याचा करपट वास, आतून बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याची फोडणी, आणि काळोख केलेल्या खोलीत उन्हाळ्याचा तो उकाडा. आम्ही प्रेक्षक मोजके: मी, दारात पाय पसरून बसलेली माय, आणि दादाचा जीवलग रशीद. रशीद टॉकीजची पोस्टरं रंगवायचा. त्याच्या नखांत कायम कुठल्या ना कुठल्या नटीचे ओठ अडकलेले असत. येताना तो पानात उडदाचे गिले वडे बांधून आणायचा आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत स्वतःच निम्मे संपवायचा.

तो सिनेमा विज्ञानाचा होता, आणि मुळात एका जुन्या सिनेमावरून नव्यानं काढलेला. गोष्ट अशी: एक तरुण शास्त्रज्ञ माणूस गोठवून ठेवायची पेटी तयार करतो आणि प्रयोगासाठी स्वतःच तीत शिरतो. चाळीस वर्षं झोपतो. उठतो तेव्हा होता तस्साच तरुण. जुन्या सिनेमात तो म्हाताऱ्या झालेल्या बायकोला कसलंसं औषध देऊन तरुण करतो आणि दोघं बागेत गाणं म्हणतात. नव्यात तसं काही नाही. नव्यात तो डोळे उघडतो, समोर पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी उभी असते. तो बायकोबद्दल विचारतो. म्हातारी म्हणते, "त्या बाई केव्हाच वारल्या, साहेब," आणि त्याला पाण्याचा पेला देते. तो पाणी पितो, दार उघडून उन्हात निघून जातो. संपला सिनेमा. ती म्हातारी कोण, हे कुणीच सांगत नाही. लोकांनी पैसे परत मागितले ते याच्यामुळेच.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हमसून हमसून रडले. त्याचं पुढचं आयुष्य मोकळं व्हावं म्हणून स्वतःला मेलेली सांगणारी बायको! रशीदला काही ते पटलं नाही. "सायन्सचा पिक्चर हाय ना?" तो वडा हलवत म्हणाला, "मंग सायन्सनं काही तं भलं करून दाखवावं. जुन्यात म्हातारीले जवान केलं, पब्लिक खुश. याच्यात काय? मशीन चालली अन् माणूस मेला बराबर."

"मेला कुठी? जिता हाय तो."

"बायको समोर उभी हाय अन् याले मालूम नाई. त्याले जिता म्हणतेत का, शालू?"

दादा अशा वादात पडायचा नाही. तो कोपऱ्यात बसून रीळ मागे गुंडाळायचा. एकदाच म्हणाला, "धारणीकडं एका गावात दाखवला. त्या लोकायले हिंदी बी धड समजत नाई. पण पाण्याचा पेला आला अन् बाया एकदम गप झाल्या. एक म्हातारी उठून काही बोलली. मी तिथल्या मास्तरले इचारलं, काय म्हणते? तं म्हणे, हे त्याची घरवाली हाय, मंग सांगत काहून नाई असं इचारून राहिली." माझ्या बाजूनं एवढा पुरावा पुरे होता. त्यापेक्षा मोठा पुरावा जगात नव्हता. पण शिकलेल्या माणसाला असल्या साक्षीची लाज वाटते.

पुण्याहून सिनेमाचं एक मासिक निघायचं, त्यात वाचकांच्या पत्रांची दोन पानं. मी त्या सिनेमाच्या बाजूनं लिहिलं आणि ते छापून आलं. पुढच्या अंकात 'एक अकोलेकर' अशी सही करणाऱ्या गृहस्थांचं उत्तर: नवी आवृत्ती म्हणजे जुन्या कलाकृतीचा खून, आणि शेवटची वृद्धा केवळ परिचारिका. मी लिहिलं, तिच्या मनगटावर गोंदण आहे, पहिल्या रिळात नवरीच्या हातावर आहे तेच. अकोलेकरांनी उत्तर दिलं, "श्रीमतींची कल्पनाशक्ती दांडगी आहे. आम्ही तिन्ही दिवस तिन्ही खेळ पाहिले, गोंदण दिसले नाही. बहुधा त्यांनी चित्रपट ऐकीव पाहिला असावा." ऐकीव! या एका शब्दानं मी पेटले. जेवताना तोच विषय, निजताना तोच विषय. माय म्हणायची, "तो अकोल्याचा बुढा तुह्या ताटात येऊन बसला का वं?" तो बुढा की तरणा हेही आम्हाला माहीत नव्हतं.

गोंदण दिसायचं, पण पापणी लवेपर्यंतच. पेला पुढे होतो, पदर सरकतो, आणि हात लगेच बाहेर जातो. मला स्वतःलाच शंका येऊ लागली की आपल्याला हवं म्हणून दिसतंय की काय. दादानं ते रीळ माझ्यासाठी मागेपुढे करत सहा वेळा दाखवलं. सातव्या वेळी मी म्हटलं, "हातावर थांबव."

"थांबवता येत नाई, शालू. दिवा गरम हाय. फिल्म जळते."

"एक पळभर थांबव. तीन मोज अन् सोडून दे."

"वापस द्याची हाय मले ते."

रशीद म्हणाला, "रहने दे ना." मी ऐकलं नाही. मी लाडकी होते, हट्टी होते, आणि दादाला माझ्या शिक्षणाचं माझ्यापेक्षाही कौतुक होतं. त्यानं मशीन थांबवलं. धोतरावर तो हात स्थिर झाला: सुरकुतलेलं मनगट, त्यावर पाच टिपक्यांचं फूल, स्वच्छ. मी ओरडले, "पाहा! पाहा!" आणि तेवढ्यात फुलाच्या मधोमध तपकिरी फोड आला, तो पसरला, हात वितळला आणि भिंतीवर नुसता पांढरा उजेड उरला. दादानं झटक्यात दिवा बंद केला. नंतर कात्रीनं जळलेला तुकडा कापून त्यानं रासायनिक डिंकानं दोन टोकं जोडली.  "काही नाई," तो म्हणाला, "एवढं कोणाले समजत नाई." आता नातू काचेवर बोट ठेवतो आणि चित्र थांबतं, हवं तितका वेळ. काही जळत नाही. त्याला मी हा प्रसंग सांगितला तर तो हसला. त्याचं काय चुकलं?

दादा सोमवारी दौऱ्यावर गेला आणि मी पत्र लिहायला बसले. ते मला आजही पाठ आहे. "आम्ही हे रीळ घरच्या घरी यंत्रावर सात वेळा लावून पाहिले आहे. सातव्या खेपेस त्या हातावर चित्र रोखून धरले, ते फिल्म जळू लागेपर्यंत. माझे बंधू सरकारी प्रचारगाडीवर ऑपरेटर असल्याने मला हे शक्य झाले. अकोलेकर महाशयांनी ऐकीव कोण आहे ते ठरवावे." खाली माझं पूर्ण नाव, गाव. टाकताना मला एकदाही वाटलं नाही की हे दादाला वाचून दाखवावं. पुरावा द्यायचा तर पुराव्यासारखा द्यायचा, एवढंच डोक्यात. तिकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि पेटीत टाकल्यावर दोनदा झाकण हलवून पाहिलं, पत्र आत पडलं ना म्हणून.

अंक आला तेव्हा मी तो कॉलेजात नेला, शेजारी दाखवला. दादा दौऱ्यावरून आला होता. त्यानं उभ्याउभ्या वाचलं. 'माझे बंधू' या ओळीशी आल्यावर त्याचं बोट थांबलं. "हे काहून लिवलं वं?"

"पुरावा लागते ना, दादा."

त्यानं पान मिटलं. अंक माझ्या हातात दिला आणि सदरा काढून खुंटीला लावला. पंधरा दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलावर ते पान कापून, टाचणी लावून ठेवलेलं होतं. वरून कुठूनतरी आलेलं, लाल पेन्सिलीच्या रेघेसकट. मी साहेबांना दोष देणार नाही. माणूस भला होता, त्यानं वाटही दाखवली. दादा घरी आला आणि आम्हा सगळ्यांना बसवून त्यानं ती वाट सांगितली: बहिणीनं लिहून द्यावं की पत्र कल्पित होतं, वादाच्या भरात लिहिलं, यंत्र घरी कधी लावलं नाही, चित्रपट मी पाहिलेलाही नाही. एक कागद कचेरीला, आणि एक त्या मासिकाला, छापण्यासाठी. आठ दिवसांत. मग साहेब फाईल मिटवणार होते.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते आधी बोलले, "या घरातून खोटं लिवल्या जाणार नाई." दादानं मान खाली घातली. आणि आतून मला, खरं सांगते, सुटका झाल्यासारखं वाटलं. कारण कागदावर लिहिण्याची चार वाक्यं मला दिसत होती, त्यातलं शेवटचं: चित्रपट मी पाहिलेलाही नाही. ते छापून आलं की अकोल्यात कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून हसणार होतं.

 तिसऱ्या दिवशी ज्वारी पाखडताना मायनं सूप बाजूला ठेवलं. "त्या पडद्यावरच्या बाईनं नवऱ्यासाठी खोटं बोललं, तं तुले रडू आलं. तिच्यासाठी तू जगाशी भांडून राहिली. अन् भावासाठी चार ओळी नाई लिवत? काहून वं?" मी म्हटलं, ते सिनेमात असते, माय. ती म्हणाली, "मंग सिनेमासाठी इतकं कायले लिवलं?"

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबा शाळेतून आले ते सरळ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांची टोपी घामानं काळी झालेली होती. हळू आवाजात म्हणाले, "लिवून दे, बेटा. त्याचा दोष माह्यावर. मी बोललो ते मागं घेतो." आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घालणारा, शब्द मागे घ्यायची कधी वेळ न आलेला माणूस माझ्यापुढे शब्द मागे घेत होता. आणि मी काय म्हटलं? "तुमीच शिकवलं, बाबा. आता तुमीच मोडाले सांगता का?"  ते उठले आणि पाय धुवायला गेले. त्या दिवशी पंचशील म्हणताना चौथ्या ओळीला त्यांचा आवाज आलाच नाही, एकटा माझाच आला, खणखणीत. माझं शील बिल काही नव्हतं. मला हरायचं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण इतकी वर्षं लिहायचं राहिलं.

दादानं मला पुन्हा विचारलं नाही. एकदाही नाही. आठव्या दिवशी तो धुतलेला खाकी सदरा घालून कचेरीत गेला. साहेबांनी विचारलं, कागद आणला? तो म्हणाला, नाही. आणि वर स्वतःच सांगितलं, मशीन मी घरी लावलं होतं, फिल्म माझ्या हातानं जळली. तात्पुरत्या माणसाला काढायला कागदही फारसे लागत नाहीत. दुपारी तो परत आला तेव्हा माय मिरच्या भाजत होती, घरभर ठसका उठला होता, त्यामुळे कोण खोकतंय आणि कोण रडतंय हे कळायला मार्ग नव्हता. बाळापूरचं बोलणं महिन्याभरात थांबलं. त्यांनी निरोपही नीट दिला नाही, माणूस पाठवायचाच बंद केला. रशीद यायचा थांबला. एकदा रस्त्यात भेटला, शिडीवर होता, हातात ब्रश. वरूनच म्हणाला, "गोंदण तं होतं, शालू. मी बी पाह्यलं होतं. भांडणाचं ते पत्र माह्या नावानं लिवलं असतं तं मी सही केली असती." मी म्हटलं, मला सुचलं नाही. खरंच सुचलं नव्हतं. भांडणारी मीच पाहिजे होते ना.

दादाला दुसरी सरकारी नोकरी मिळाली नाही. काढल्याचा शेरा सगळीकडे आधी पोचायचा. तो अकोल्याला एका जिनिंगमध्ये लागला. कापसाच्या त्या धुळीत त्यानं अठरा वर्षं काढली आणि छाती भरून तो गेला, पन्नाशीही न गाठता. लग्न त्यानं केलं, उशिरा. वहिनी मला कधी टोचून बोलली नाही. बाबांनी मात्र त्या वर्षानंतर आम्हाला ओळीनं बसवणं सोडून दिलं. ते एकटेच म्हणायचे, मनातल्या मनात.

तो कागद मी लिहिला. होय, लिहिला. दादा अकोल्याला जाऊन चार महिने झाल्यावर, माय तापानं आजारी असताना, एका दुपारी बसून चारही वाक्यं लिहिली: पत्र कल्पित होते, वादाच्या भरात लिहिले, यंत्र घरी लावलेले नाही, चित्रपट मी पाहिलेला नाही. मासिकानं ते बारीक टाइपात छापलं आणि खाली संपादकांनी टाकलं, "या विषयावरील पत्रव्यवहार येथे संपला." अकोलेकरांनी त्यावर काही लिहिलं नाही. त्यांना बहुधा दुसरा सिनेमा मिळाला होता.

अंक हातात आला तशी मी पॅसेंजर पकडून अकोल्याला गेले. कुणाला न विचारता गेले. जिनिंगच्या फाटकाशी उभी राहिले, पहारेकऱ्याला नाव सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत दादा बाहेर आला. भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू. क्षणभर मला तो म्हाताराच वाटला. त्यानं आधी विचारलं, "माय कशी हाय?" मी म्हटलं, ताप उतरला. मग अंक उघडून पान त्याच्यापुढे धरलं. त्यानं बोटं सदऱ्याला पुसली, अंक घेतला आणि फाटकाच्या सावलीत उभं राहून सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

"आता काहून लिवलं?"

"तुह्यासाठी."

"माह्यासाठी आठ दिवस होते, शालू." त्यानं अंकाची नीट घडी केली आणि माझ्या हातात ठेवली. "हे तू तुह्यासाठी लिवलं. घेऊन जाय."

भोंगा झाला. तो आत जायला वळला, दोन पावलं गेला आणि पुन्हा थांबून म्हणाला, "काही खाल्लं का? टेशनावर काही खाऊन घे." मग तो इतरांबरोबर आत गेला. रागानं बोलला असता तर मी भांडले असते. भांडणं मला येत होतं. पण तो खरं तेच बोलला होता.